एक्स-रेच्या पेटीचा उजेड

“या पेटीचा उजेडच मेलाय,” मोठे डॉक्टर माझ्या काचेला नाक लावून पुटपुटले. “दिवे बदलले, काच घासली, तरी हिचं रडगाणं चालूच.”

इतक्या जवळून कुणी नावं ठेवली की श्वासाची वाफही अंगावर येते. लवंगेच्या वासाची ती वाफ माझ्या काचेवर गोल पसरली आणि विरून गेली.

मित्रांनो, जिच्याबद्दल ही तक्रार होती ती मी, एक्स-रे बघायची जुनी पेटी. एका लहानशा दवाखान्यात, तपासणीच्या खोलीतल्या भिंतीवर माझं जवळजवळ सगळं आयुष्य गेलं. चांगलं गेलं, हे आधीच सांगून ठेवते. म्हणजे पुढे मी थोडी कुरकुर केली तरी तुम्ही ती फार मनावर घेणार नाही.

पत्र्याचं काम करणाऱ्या एका कारागिरानं मला घडवलं. त्यानं पत्रा कापला आणि पुसणाऱ्याचं बोट कापू नये म्हणून कडा आत दुमडल्या. आतून मला पांढराशुभ्र रंग दिला, पोटात नळीचे दिवे बसवले, तोंडावर दुधी काच लावली. वरच्या कडेला फिल्म अडकवायचे चिमटे आणि बाजूला एक काळं बटण. झाली पेटी!

“दिसायला अगदीच सपाट झालीय हो,” त्याची बायको म्हणाली.

“सपाटच हवी. हिच्याकडे कुणी बघणार नाही, हिच्या उजेडात बघतील,” असं म्हणून त्यानं दारातलं एक वाळकं पान उचललं, माझ्या काचेवर धरलं आणि बटण दाबलं. पानाच्या सगळ्या शिरा उजळून निघाल्या. अगदी कडेच्या, केसाएवढ्या बारीकसुद्धा. माझ्यावर लागलेलं ते पहिलं चित्र. पुढे मी माणसांची पुष्कळ हाडं पाहिली, पण ते पान अजून विसरले नाही.

मी दवाखान्यात आले तेव्हा मोठे डॉक्टर मोठे नव्हते. डोक्यावर दाट केस होते आणि दवाखान्याच्या भिंतींना ओल्या रंगाचा वास येत होता. त्यांनी मला स्वतःच्या हातानं भिंतीवर बसवलं, चार पावलं मागे गेले, मान तिरकी करून बघितलं, पुन्हा पुढे येऊन एक स्क्रू अर्धा फेरा पिळला. मग कुठे त्यांचं समाधान झालं.

एक्स-रेची फिल्म म्हणजे काळसर, लवचिक असा कागदासारखा तुकडा. नुसता हातात धरला तर त्यात काही म्हणजे काही कळत नाही. पण माझ्यावर लावला की हाड पांढरं दिसतं, हवा काळी दिसते आणि बाकीचं सगळं मधल्या करड्या रंगांत हळूहळू वर येतं. मोडलेली मनगटं, सरकलेले मणके, खोकल्यानं बेजार झालेल्या छात्या, सगळे माझ्याकडे येऊन गेले. एकदा एका मुलीनं भावाशी भांडून कपाटाची किल्ली गिळली होती. किल्ली माझ्यावर इतकी ठसठशीत उमटली की तिचे दातेही मोजता आले असते. आईला कळेना, पोरीसाठी रडावं की कपाट कसं उघडावं याची काळजी करावी. डॉक्टर म्हणाले, “किल्ली आपल्या वाटेनं बाहेर येईल. शोधायचं काम मात्र घरच्यांचं.” भाऊ तिथल्या तिथे शहाणा झाला आणि त्यानं कपाटावरचा हक्क सोडून दिला.

डॉक्टरांचा माझ्यावर फार जीव होता. शिकायला येणाऱ्यांना ते सांगत, “बघायचं तर नीट उभं राहून बघा. पेटी सगळं दाखवते. दिसत नसेल तर दोष आपला.” त्या काळी ते माझ्यापासून हातभर लांब, पाठीमागे हात बांधून उभे राहत आणि नुसती नजर फिरवत.

आता एक गोष्ट समजून घ्या, ती पुढे लागेल. तुमचा मित्र तुमच्यासमोर तोंड करून उभा राहिला की त्याचा उजवा हात तुमच्या डाव्या बाजूला येतो. एक्स-रेही तसाच लावायचा असतो, जणू रोगी बघणाऱ्याच्या समोर उभा आहे. फिल्मला पुढची बाजू नसते की मागची. उलटी लावली तरी ती बिचारी तक्रार न करता उजळते. म्हणून फोटो काढताना रोग्याच्या उजव्या अंगाला शिशाचं एक लहान अक्षर ठेवतात. ते बघणाऱ्याच्या डाव्या हाताला आणि सुलट आलं की फिल्म बरोबर लागली. मी फिल्मच्या मागे असते, त्यामुळे मला ते अक्षर कायम उलटं दिसतं. आयुष्यभर मी एकच अक्षर वाचलं, तेही उलटं. माझं शिक्षण एवढंच.

वर्षं गेली. डॉक्टरांचे केस विरळ झाले. त्यांची सून डॉक्टर होऊन याच दवाखान्यात आली आणि सगळे तिला धाकट्या डॉक्टर म्हणू लागले. आणि डॉक्टर माझ्या जवळ जवळ सरकू लागले. आधी हातभर, मग वीतभर. मला वाटलं, वय झालं की माया वाढते. मग एक दिवस त्यांचं नाक काचेला टेकलं आणि लवंगेची पहिली वाफ माझ्यावर आली.

दवाखान्यात मग गमतीशीर गोष्टी घडू लागल्या. आमच्या मुख्य परिचारिका, मोठ्या सिस्टर, डॉक्टर यायच्या आधीच फिल्म लावून ठेवत आणि ते आले की स्वतःशीच बोलल्यासारखं मोठ्यानं म्हणत, “अक्षर डावीकडे. बरोबर. मी मेली एक विसरभोळी.” त्या काहीच विसरत नसत. पायऱ्यांच्या कडांना पांढरे पट्टे रंगवले गेले. कुणी विचारलं तर म्हणायचे, शोभेसाठी. शस्त्रक्रिया धाकट्या डॉक्टर करू लागल्या. “बाबा, मला सराव हवाय,” त्या म्हणायच्या. त्यांचा हात केव्हाच बसला होता. डॉक्टर खुशीत म्हणायचे, “कर, कर. पण फिल्म मात्र मीच बघणार.”

यावर सगळे मिठाची गुळणी धरून बसत. आणि डॉक्टरांना कमी दिसलं की खापर माझ्यावर फुटे.

माझे दिवे बदलले. काच साबणानं धुतली, वर्तमानपत्रानं घासली, शेवटी काढून नवी बसवली. तरी ‘उजेड मेलाय’! एवढं झाल्यावर नवी पेटी सांगून ठेवली आणि मला भंगारात द्यायचं ठरलं. एक्स-रेचे फोटो काढणारे भाऊ माझं बटण बंद करताना हळूच म्हणाले, “तुझी काही चूक नाही गं.” पण ते मला म्हणून काय उपयोग? जिथे म्हणायचं तिथे ते पंख्याकडे बघत उभे राहायचे.

अशातच एका दुपारी सायकलवाले काका आले. डॉक्टरांचे जुने मित्र. डॉक्टरांच्या पहिल्या सायकलपासून सगळ्या सायकली त्यांनीच दुरुस्त केलेल्या. आताही ते एक सायकल ढकलत आले होते, पण ती बसायला नव्हती, टेकायला होती. पोट ढोलासारखं तट्ट फुगलं होतं. मागून काकू.

“सोडा पिऊ, ओवा खाऊ, सगळं झालं यांचं,” काकू सांगू लागल्या. “कालपासून पोट साफ नाही. वारासुद्धा सरत नाही. विचारलं की म्हणतात, चारचौघांत काय विचारतेस!”

“चारचौघांतच विचारलंस की आतासुद्धा,” काका कण्हत म्हणाले. “डॉक्टर, कुणीतरी मोठा पंप लावून हवा भरल्यागत झालंय बघा. आता टायर फुटतोय.”

त्या दिवशी मोठ्या सिस्टर लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर होत्या. डॉक्टरांनी काकांना आडवं केलं आणि पोटावर बोटं ठेवून टकटक वाजवलं. डॉक्टरांच्या हातांना काही झालेलं नव्हतं बरं का. त्यांनी दाबून पाहिलं, नाडी पाहिली, ताप पाहिला. “आतडं फुगलंय, पण अजून तग धरून आहे,” ते म्हणाले. “फोटो काढा. मला वाटतं पीळ पडलाय.”

आपलं आतडं ही लांबच लांब नळी. तिचा एखादा सैल पडलेला भाग कधी कधी स्वतःभोवती फिरतो आणि बुडाशी पीळ बसतो. मग आत गेलेलं बाहेर येत नाही, हवासुद्धा नाही. वेळेत सुटलं नाही तर त्या भागाचं रक्त अडतं, आणि मग जिवाचं काही खरं नसतं.

भाऊ फिल्म घेऊन आले. ती अजून ओली होती. “आण इकडे,” म्हणून डॉक्टरांनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि स्वतःच माझ्या चिमट्यांत अडकवली.

केवढी काळी कमान! सायकलची ट्यूब टच्च फुगवून मधोमध दुमडली आणि दोन्ही टोकं एका मुठीत धरली तर दिसेल, तशी. दोन्ही पाय खाली एकाच ठिकाणी आवळलेले आणि डोकं वर कुशीकडे झुकलेलं. इतकं स्पष्ट चित्र रोज रोज येत नाही.

पण मित्रांनो, मला शिशाचं अक्षर सुलट दिसत होतं.

आयुष्यात पहिल्यांदाच! क्षणभर मला आनंद झाला आणि लगेच धस्स झालं. मला सुलट म्हणजे त्यांना उलटं. फिल्म पाठमोरी लागली होती.

डॉक्टरांनी नाक टेकवून कमानीवरून बोट फिरवलं. खालच्या डाव्या कोपऱ्यातून वर उजवीकडे. “पाय रोग्याच्या उजव्या बाजूला आहेत,” ते म्हणाले. “म्हणजे उजवीकडच्या आतड्याला पीळ. पोट उघडावं लागेल.”

यातली मेख सांगते. पीळ डाव्या बाजूच्या, शेवटच्या आतड्याला असेल, तर बहुतेकदा खालच्या वाटेनं, आत बघता येईल अशी नळी सरकवून अडकलेली हवा सोडता येते आणि पीळ उलगडतो. उजव्या बाजूला असेल तर आमच्या दवाखान्यातली नळी तिथवर पोचत नाही. मग भूल द्यायची आणि पोट उघडायचं.

काकू मटकन स्टुलावर बसल्या. “अहो, मागे यांच्या छातीत कळ आली तेव्हा तुम्हीच म्हणाला होता ना, या माणसाला भूल देणं म्हणजे जिवाशी खेळ?”

“म्हणालो होतो, वहिनी. आजही तेच म्हणतो. पण दुसरा इलाज नाही.”

काकांनी शर्टाच्या खिशातून दुकानाची किल्ली काढून काकूंच्या हातात ठेवली. “त्या लाल सायकलीचा ब्रेक राहिलाय,” ते म्हणाले. “जिची आहे ती पोरगी आली तर सांग, ब्रेक लागेपर्यंत उतारावर नेऊ नको. नक्की सांग.”

“तुम्हीच सांगा,” काकू म्हणाल्या आणि किल्ली त्यांच्या खिशात परत कोंबू लागल्या. त्या दोघांची किल्लीवरून ओढाताण चालू होती आणि इकडे भाऊ खाकरत होते. एकदा खाकरले, दोनदा खाकरले. “तुलाही काही होतंय का?” डॉक्टरांनी विचारलं. भाऊंनी पंख्याकडे बघितलं.

धाकट्या डॉक्टर माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एकदाच फिल्मकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. यकृताची करडी सावली चुकीच्या बाजूला, जठरातला हवेचा बुडबुडा चुकीच्या बाजूला, अक्षर उलटं. त्यांना सगळं कळलं. तोंड उघडलं. सासऱ्यांकडे पाहिलं. तोंड मिटलं. मी दिवे अगदी घट्ट पेटवून धरले होते. दुसरं मला येतं तरी काय?

“बाबा,” शेवटी त्या म्हणाल्या, “काचेवर पाणी ओघळलंय. जरा पुसून पुन्हा लावते.”

त्यांनी फिल्म काढली, पदरानं काच पुसली आणि फिल्म लावली. या वेळी पालटून. अक्षर मला उलटं दिसलं आणि मला हायसं वाटलं.

“आता बघा.”

डॉक्टर पुढे झुकले. लवंगेची वाफ आली. त्यांचं बोट पुन्हा कमानीवरून फिरू लागलं. खालच्या उजव्या कोपऱ्यातून निघालं आणि वर डावीकडे गेलं. मध्येच थांबलं. परत खाली आलं, परत वर गेलं.

“मघाशी हे बोट दुसरीकडे गेलं होतं,” ते इतक्या हळू बोलले की मला एकटीलाच ऐकू आलं. मग ताठ उभे राहून म्हणाले, “डावीकडचं आहे. पोट उघडायचं नाही. नळी आण.” आणि थोडं थांबून, “तू घाल. मी शेजारी उभा राहतो.”

पडदा ओढला गेला. काकांना डाव्या कुशीवर वळवलं. पुढचं मी नुसतं ऐकलं.

“काका, सैल सोडा अंग. लाजायचं नाही.”

“सूनबाई, या वयात ही पाळी आणलीस होय माझ्यावर?”

“आतला रंग छान गुलाबी आहे, बाबा.”

“म्हणजे रक्त पोचतंय. हळूहळू पुढे जा. जोर नको. वाट मिळेल तिथेच जा.”

आणि मग मित्रांनो, असा काही आवाज झाला! मोटारीच्या टायरचा व्हॉल्व्ह एकदम काढावा, तसा लांबच लांब फुसकारा. थांबतोय वाटलं की पुन्हा सुरू. बादली सरकवल्याचा आवाज, भाऊंचं “अरे बापरे!”, आणि या सगळ्यावर काकांचा आवाज, “निघाला! व्हॉल्व्ह निघाला!”

काकू पडद्याबाहेर उभ्या होत्या. एका डोळ्यानं रडत होत्या, दुसऱ्यानं हसत होत्या. “इतकी वर्षं संसार केला,” त्या म्हणाल्या, “पण या आवाजानं एवढा जीव भांड्यात पडेल असं वाटलं नव्हतं!”

दवाखान्याबाहेर बसलेली माणसंही हसली, कारण ऐकू त्यांनाही आलं होतं. चारचौघांत बोलायचं नाही म्हणणाऱ्या काकांची बातमी चाळीस जणांना आपोआप कळली.

म्हणून मित्रांनो, तुमचं किंवा घरात कुणाचं पोट असं फुगलं, दुखू लागलं, वारासुद्धा सरेना, तर लाजून बसू नका. लगेच मोठ्यांना सांगा. पोटातला पीळ कुणी बोलल्याशिवाय बाहेर दिसत नाही. आणि घरातलं काही माझ्यासारखं जुनं झालं, तर आधी मऊ फडक्यानं पुसून बघा आणि मग दोष द्या. काच पुसणं सोपं असतं. न बोललेलं असतं ते पुसून जात नाही. ते कुणाच्या तरी अंगावर साचत राहतं. आमच्या दवाखान्यात ते माझ्या अंगावर साचलं होतं.

हवा गेल्यावर नळी तशीच ठेवून दुसरा फोटो काढला. भाऊ फिल्म घेऊन आले आणि सवयीनं ती डॉक्टरांपुढे धरली. डॉक्टरांनी हात पुढे केला नाही.

“तिच्याकडे दे,” ते म्हणाले. “तू लाव. आणि तूच वाच.”

धाकट्या डॉक्टरांनी फिल्म लावली. अक्षर डावीकडे. फुगलेली कमान गेली होती. तिथे आता नुसती नळीची एक पांढरी रेघ होती. “पीळ सुटला,” त्यांनी वाचलं. “पण तो पुन्हा पडू शकतो, काकू. हृदयाची नीट तपासणी करून, सावकाश, मोठ्या दवाखान्यात यावर कायमचा उपाय करून घ्यायचा. आज मात्र कापाकापी नाही.”

काकूंनी मान डोलावली. खाटेवरून काका विचारत होते की लाल सायकलीचा ब्रेक लावायला उद्या जाऊ का. “उद्या पडून राहायचं,” काकूंनी तिथूनच दटावलं. मग त्या माझ्यापाशी उभ्या असलेल्या डॉक्टरांकडे वळल्या. पदरानं डोळे पुसत साध्याच आवाजात म्हणाल्या, “पण मला एक कळलं नाही हो. आधी पोट उघडायचं म्हणालात, मग नळीनंच कसं भागलं?”

भाऊंनी पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता.

धाकट्या डॉक्टरांनी डॉक्टरांकडे एकदा पाहिलं, आणि घाईघाईनं म्हणाल्या, “ते... काकू, पेटी जुनी आहे ना आमची. उजेड कमी झालाय तिचा. आता नवी येतेय.”

मला राग नाही आला. ती पोर किती जिवापाड जपत होती त्यांना, हे मला दिसत होतं. मी आपली उजळत राहिले.

डॉक्टर पुढे आले. पण या वेळी त्यांनी नाक टेकवलं नाही. त्यांनी माझ्या पत्र्याच्या कडेवर तळहात ठेवला, ज्या कडेचा स्क्रू त्यांनी कधीकाळी अर्धा फेरा पिळला होता, तिथेच. हात गरम होता.

“नवी पेटी नको म्हणून कळव,” ते सुनेला म्हणाले. मग काकूंकडे वळले. “हिचा उजेड चांगला आहे, वहिनी. मलाच दिसत नाही.”